पल्लवीचं बाळंतपण

४ ऑगस्ट १९९९, बुधवार

बँकेने दिलेली ही डायरी आजपर्यंत दूधवाल्याच्या खाड्यांपलीकडे गेली नव्हती. आज मात्र लिहायला कारण आहे. सकाळीच अमेरिकेहून पल्लवीचा फोन. मी उचलला तर म्हणाली, "बाबा, आईला द्या ना." मी म्हटलं, अगं आधी माझ्याशी तर बोल, काय म्हणतेय तिकडची थंडी? ऑगस्टात कसली आलीय थंडी, पण ऐन वेळी काही सुचेना. तिने पुन्हा "आईला द्या" म्हटल्यावर दिला रिसीव्हर आणि तिथेच उभा राहिलो. इंदिराचं नुसतं "अगं बाई! अगं बाई गं!" चाललेलं. पाच मिनिटांनी मला कळलं की मी आजोबा होणार.

जानेवारीच्या मध्याला तारीख आहे. येणाऱ्या जिवाला पुढे वाचायला मिळावं म्हणून रीतसर लिहून ठेवतो. मी उपेंद्र क्षेमकल्याणी. ओझरच्या विमान कारखान्यात असेंब्लीत सुपरवायझर होतो, आता निवृत्त. राहणार नाशिक, गंगापूर रोड. तुझी आजी इंदिरा. तुझी आई पल्लवी आमची एकुलती एक. तुझे बाबा मयुरेश लहानपणापासून तिकडेच वाढलेले, तिकडचेच नागरिक, म्हणून लग्न झाल्यावर तुझी आई तिकडची झाली. मराठी समजतं त्यांना, बोलताना जरा अडखळतात. मुलगा हिरा आहे.

इंदिराने देवापुढे साखर ठेवली आणि मलाच विचारते, "तुम्ही रडताय की काय?" मी म्हटलं, सर्दी झालीय.

२२ ऑगस्ट, रविवार

मयुरेशरावांचा फोन. बाळंतपणाला तिकडे येण्यासाठी व्हिसा लागेल, म्हणून आमंत्रणाचं पत्र, त्यांच्या नोकरीचे कागद, सगळं पाठवतायत. मग म्हणाले, "बाबा, एक सजेशन आहे. आई एकटीच अप्लाय करेल तर व्हिसा लवकर मिळतो. हजबंड इंडियात असला की त्यांना वाटतं, आई नक्की परत जाणार."

म्हणजे मी काय ओलीस राहू? सरकारी कारखान्यात जन्म काढला, कपाळावर डाग नाही, आणि माझ्यावर विश्वास नाही म्हणून मला गहाण ठेवून बायकोला सोडवून न्यायचं? मी स्पष्ट सांगितलं, आम्ही जोडीने येणार. पहिलं बाळंतपण माहेरी असतं. पल्लवीला इकडे येता येत नाही, तिचे डॉक्टर, विमा सगळं तिकडचं. मग माहेरानेच उठून तिकडे जायचं. माहेर म्हणजे आई आणि बाप, दोन्ही. जावई "ओके बाबा" म्हणाले. पल्लवी मागून काहीतरी बोलत होती, नीट ऐकू आलं नाही.

फोन ठेवल्यावर इंदिरा म्हणाली, "मी जाईन हो एकटी."

"तू? नाशिकरोडला गाडीत चढताना माझी बाही धरतेस तू."

"बाही धरते ती तुम्ही हरवू नये म्हणून," असं म्हणून गेली आत. हिला उत्तरं द्यायला कोणी शिकवलं देव जाणे.

१९ सप्टेंबर, रविवार

घरात तेलाचा वास आणि माझे हाल. तिकडे मालिशवाली बाई मिळत नाही म्हणे, म्हणून इंदिराने सुलाबाईला बोलावलं. पेठ तालुक्याकडची ही बाई. पल्लवी जन्मली तेव्हा हिनेच मायलेकींना तेल लावलं होतं. आता तिचे हात चालत नाहीत, तोंड मात्र जोरात चालतं. गौरी-गणपतीची गडबड असूनही रोज येते आणि इंदिराला बाळंतिणीचं अंग कसं चोळायचं ते शिकवते. शिकायला अंग कोणाचं? माझं!

पाटावर पालथा पडलोय, इंदिरा पाठ रगडतेय आणि सुलाबाई वरून, "आवं बाई, लय जोर नाय लावायचा. बाळातनीचं आंग कच्चं र्‍हातंय. ह्ये काय भांडं घासनं हाय?" मी म्हटलं, सुलाबाई, मी बाळंतीण नाही. तर म्हणते, "तुमी गप पडा दादा. बाळातनी बी एवढं कन्हत नाय."

पोट बांधायला जुन्या मऊ लुगड्याच्या पट्ट्या काढून ठेवल्यात. शेकशेगडीचं काय करायचं यावर दोघींची खलबतं. तिकडच्या घरात धूर झाला की भोंगा वाजतो म्हणे. डिंक, अळीव, बाळंतशोपा यांच्या पुड्या बांधणं सुरू आहे. व्हिसाचा पत्ता नाही आणि बॅग भरून तयार! पण मला बरं वाटलं. खूप दिवसांनी घरात हसण्याचा आवाज होता.

१४ ऑक्टोबर, गुरुवार. दादर, भाच्याच्या घरी

आज मुलाखत झाली. सविस्तर लिहितो.

भल्या पहाटेच ब्रीच कँडीला अमेरिकन वकिलातीबाहेर जाऊन फुटपाथवर रांगेत उभे राहिलो. इंदिराचा नवरात्राचा उपास, एका शेंगदाण्याच्या लाडवावर उभी. आत गेल्यावर नंबराने पुकारतात. काचेची खिडकी, पलीकडे एक गोरी तरुण बाई आणि शेजारी आपली मराठी दुभाषी. मी सुरुवातीलाच सांगितलं की मला दुभाषी लागणार नाही.

काय काम करत होतात, असं विचारलं. मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. फाइलमधून फोटो काढला. कारखान्यातला, मी आणि आमची टीम, मागे लढाऊ विमान उभं. मी म्हटलं, मॅडम, ही विमानं आम्ही आमच्या हातांनी बांधली. पोखरणनंतर साऱ्या जगाने आमच्या देशाची दखल घेतलीय, त्यात आमचाही खारीचा वाटा आहे. मी काही कोणी ऐरागैरा नाही, हे त्यांना कळायला नको? आणि कळलं! बाई एकदम सावरून बसल्या. कोणता विभाग, कोणतं काम, रशियाला कधी गेला होतात का, सगळं विचारलं आणि टाइप करून घेतलं. फोटो आत नेऊन कोणाला तरी दाखवून आणला. इतर लोकांना दोन मिनिटांत वाटेला लावत होते, माझ्यासाठी चांगला वीस मिनिटं वेळ दिला.

मग इंदिराकडे बघून दुभाषी बाईने मराठीत विचारलं, "आजी, यांना वेळ लागणार असेल तर तुम्ही एकट्या जाल का?" इंदिरा तोंड उघडणार तोच मी सांगितलं, छे! ती एकटी कुठेच जात नाही. वुई आर टुगेदर. त्या बाईने पुन्हा इंदिराकडे बघितलं. मी पुन्हा सांगितलं.

दोघांनाही रंगीत कागद देऊन सांगितलं, चौकशी करून कळवू. पासपोर्ट परत दिले. नकार असता तर शिक्का मारतात म्हणे, म्हणजे हा नकार नाही. मोठ्या माणसांची चौकशीही मोठी असायची.

इंदिरा टॅक्सीत डोळे मिटून बसली. उपासाने थकली असणार.

३० ऑक्टोबर, शनिवार

काही कळलेलं नाही. पोस्टमन आला की मी फाटकाशी.

पल्लवीचा फोन आला होता. "बाबा, काय झालं पुढे?" मी म्हटलं, बाळ, काळजी करू नकोस, यायचं ते वाजत गाजत येईल. ती म्हणाली, "बरं." लहानपणापासून अशीच शहाणी. कधी हट्ट नाही, कधी आदळआपट नाही. बारावीला दोन मार्कांनी मेडिकल हुकलं तेव्हा मी म्हटलं होतं, क्षेमकल्याणींच्या घरात रडत नाहीत, तर डोळे पुसून चहा टाकायला गेली होती. अशी मुलगी मिळायला भाग्य लागतं.

११ नोव्हेंबर, गुरुवार

दिवाळी झाली. फराळाचा डबा कुरिअरने पाठवला. कोंडाजी आव्हाड फराळाला आला. कारखान्यात माझ्याच शॉपमध्ये फिटर होता, आमच्याच कॉलनीत राहतो. त्याला सगळी मुलाखत रंगवून सांगितली. फोटोचं सांगितलं तसा त्याने हातातला चिवडा बशीत ठेवला.

"काय म्हन्लास? इमानाचा फोटू दावला त्यांना?"

"मग? लपवायचं काय त्यात?"

"अरे लय शहाना तू उपेंद्रा! तेंच्या दारात जाऊन सांगतोस, आमी रशियाची लढाऊ इमानं बांधतो, वर पोखरण सांगतोस! आता बस म्हनावं. तुझ्या सात पिढ्यांची चौकशी केल्याबिगर सोडतात व्हय ते? पेन्शनर हाय, एवढं म्हनला असतास तर जमलं नसतं?"

मी म्हटलं, कोंडाजी, मी देशाचं काम केलंय, चोरी नाही केली. जे आहे ते सांगितलं. खोटं बोलून मिळणारा व्हिसा मला नको.

"खोटं बोल कोन म्हन्लं? इचारलं तेवढंच सांगावं," म्हणून तो चहा न घेता उठला. मत्सर, दुसरं काय. त्याचा मुलगा सातपूरच्या कंपनीत लागला तिथेच अडकलाय, माझी लेक अमेरिकेत.

इंदिरा दारात उभी होती. तिने ऐकलं असावं. मी विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला त्या बाईने विचारलं होतं." एवढंच.

२८ नोव्हेंबर, रविवार

पल्लवीचं ब्लडप्रेशर वाढलंय. पायांना सूज. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. मयुरेशराव कामासाठी सोमवार ते शुक्रवार दुसऱ्या गावी असतात. विहीणबाई नोकरी करतात, त्या येऊन चार दिवस राहिल्या आणि गेल्या. म्हणजे पोरगी आठवडाभर एकटी. खिडकीबाहेर बर्फ पडतोय म्हणाली. मी विचारलं, जेवतेस काय? म्हणाली, "असतं काहीतरी फ्रीजमध्ये."

मग इंदिराने फोन घेतला. ती नुसती "हं, हं" करत होती. शेवटी म्हणाली, "येते गं. येतेच मी." इतका वेळ स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत राहिली की शेवटी मी टीव्ही मोठा केला.

४ डिसेंबर, शनिवार

तिकडच्या डॉक्टरांचं पत्र फॅक्सने आलं. ते मुंबईला पाठवलं. काल एसटीडी बूथवरून वकिलातीत फोन लावला, अर्ध्या तासाने एक माणूस म्हणाला, चौकशी चालू आहे.

आज इंदिराने विषय काढला. "माझा वेगळा अर्ज करू या. मी एकटीच जाते." मी समजावून सांगितलं की एकदा एकत्र अर्ज केल्यावर मध्येच असं फोडलं तर त्यांना संशय येईल. दोन्ही अडकतील. शिवाय इतके दिवस थांबलो, आता चार दिवसांत येईलच. ती म्हणाली, "तुमचं येईल तेव्हा येईल हो. माझं का थांबवता?"

पस्तीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी अशी बोलली नव्हती. मी चिडलो. म्हटलं, जा मग, आत्ताच जा, रस्ता माहीत असेल तर जा. ती पदराला हात पुसत उभी राहिली. मग म्हणाली, "भाकरी करतेय, गरम खाऊन घ्या." मी अर्धी भाकरी ताटात ठेवून उठलो. पण मी काही चुकीचं बोललो नव्हतो.

२० डिसेंबर, सोमवार

पल्लवीला मुलगी झाली. वेळेच्या बरीच आधी. परवा रात्री.

एवढीशी होती. काचेच्या पेटीत ठेवली होती. आज पहाटे मयुरेशरावांचा फोन आला की ती गेली. दीड दिवस होती.

पल्लवी दवाखान्यात एकटीच पोचली. शेजारची कोणी म्हातारी तिला गाडीतून घेऊन गेली. मयुरेशराव या आठवड्यात कामाच्या गावीच अडकले होते, ते सकाळी आले.

माझी नात. मला तिचं नाव पण माहीत नाही. ठेवलं होतं की नाही, विचारायचं धाडस झालं नाही.

२१ डिसेंबर, मंगळवार

पल्लवीशी बोललो. म्हणाली, "मी बरी आहे बाबा. तुम्ही औषधं वेळेवर घ्या." आवाज अगदी नेहमीसारखा. धीराची आहे. मी म्हटलं, बाळ, देवाची मर्जी. ती "हो" म्हणाली. मी म्हटलं, आराम कर. ती "हो" म्हणाली. मला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. मग इंदिराने रिसीव्हर घेतला. दोघी किती तरी वेळ फोन धरून नुसत्या उभ्या.

२३ डिसेंबर, गुरुवार

आज घरात येऊन बघतो तर इंदिरा डिंक तळतेय. खारीक कुटलेली, खोबरं किसून भाजलेलं, गूळ चिरून तयार. डिंकाचे लाडू!

माझं डोकंच सणकलं. मी म्हटलं, अगं वेड लागलं का तुला? कोणासाठी करतेस हे? लोक सुतकात गोड करत नाहीत आणि तू लाडू वळतेस?  कढईतला डिंक फुलत होता, तो ती झाऱ्याने काढत राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पल्लवीला दूध आलं असेल हो."

मला काही कळलं नाही.

"बाळ गेलेलं शरीराला कुठे ठाऊक असतं? दूध येतं ते येतंच. छाती दगडासारखी होते. ताप भरतो. काय करायचं, कसं बांधायचं, तिला कोणी सांगितलं असेल का तिथे? तुम्हाला नाही सांगणार ती. मयुरेशरावांनाही नाही सांगणार."

मी उठून बाहेरचा नळ बंद आहे का ते बघून आलो. बंदच होता. खरं सांगायचं तर हे मला सुचलंच नव्हतं. मला वाटत होतं की बाळ गेलं म्हणजे ते सगळं संपलं, आता नुसतं दुःख उरलं.

परत आलो तेव्हा ती लाडू वळत होती. म्हणाली, "नाताळची सुट्टी झाली की मी मुंबईला जाणार. माझा माझा नवा अर्ज भरून दिलाय कोंडाजी भावजींच्या सुनेने. सव्वा महिना संपायच्या आत मला तिच्याजवळ जायचंय. तुम्ही रागवा हवं तर."

मी रागावलो नाही. म्हटलं, सोबत येऊ का? म्हणाली, "रांगेपर्यंत या."

२९ डिसेंबर, बुधवार. नाशिक

तिला व्हिसा मिळाला.

मी रस्त्यापलीकडे फुटपाथवर उभा होतो. सकाळपासून लोक आत जात होते, बाहेर येत होते, कोणी हसत, कोणी मान खाली घालून. इंदिरा बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मी धावतच रस्ता ओलांडला. म्हणाली, "संध्याकाळी पासपोर्ट न्यायला बोलावलंय. द्यायचा म्हणाले." आणि मग मला म्हणाली, "चहा पाजा." तिथेच एका टपरीवर उभ्याने दोन कप चहा प्यायली.

आत काय झालं ते तिने परतीच्या एसटीत सांगितलं. तेही कसाऱ्याचा घाट लागल्यावर, तुकड्या-तुकड्यांनी.

खिडकीत या वेळी एक साहेब होता. दुभाषी बाई तीच, मागच्या खेपेची. तिने ओळखलं की नाही कोण जाणे. साहेबाने विचारलं, कशाला जायचंय? हिने सांगितलं, लेकीचं बाळंतपण करायला. त्याने कागद बघून विचारलं, बाळ कधी होणार? ही म्हणाली, "झालं. दीड दिवसाचं होऊन गेलं." बाईने ते इंग्रजीत सांगितलं. साहेब सॉरी म्हणाला. मग त्याने विचारलं, मग आता कशाला जायचंय?

मी इंदिराला विचारलं, मग तू काय सांगितलंस?

"काय सांगणार? मी म्हटलं, बाळ गेलं, पण बाळंतीण आहे ना. तिला कोण बघणार?"

ते ऐकून ती दुभाषी बाईच बोलायची थांबली म्हणे. खाली बघत राहिली. साहेब तिच्याकडे बघतोय, ही तिच्याकडे बघतेय. मग तिने हळूहळू इंग्रजीत सांगितलं, इंदिराच्या एका वाक्याला तिला पुष्कळ वाक्यं लागली. साहेबाने एकच विचारलं, नवरा जाणार का बरोबर? ही म्हणाली, "नाही. ते नाशिकला राहणार. त्यांना साधा कुकर लावता येत नाही, मला परत यावंच लागणार." साहेबाने शिक्का मारला.

मी म्हटलं, मला येतो कुकर लावता. ती म्हणाली, "शिट्ट्या मोजता येत नाहीत तुम्हाला." खिडकीकडे तोंड करून बसली आणि मग तिचे खांदे हलायला लागले. गाडीत इतकी माणसं. मी तिच्या हातावर हात ठेवला. दुसरं काय करणार होतो?

३ जानेवारी २०००, सोमवार

काल रात्री इंदिराला विमानतळावर सोडून आलो. सन दोन हजार लागलं की सगळी यंत्रं बंद पडणार म्हणत होते, कुठे काय पडलं? एअरलाइनच्या माणसाने बॅग उघडायला लावली. लुगड्याच्या पट्ट्या बघून विचारतो, हे काय? ती म्हणाली, "पोट बांधायला." त्याने मुकाट्याने बॅग बंद केली.

मी तिला सूचना देत होतो. कुठल्या दरवाजाने जायचं, कुठे गाडी बदलायची, म्हणजे विमान. सगळं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं होतं. तिने तो कागद घेतला, पर्समध्ये ठेवला, आणि आत गेली. माझी बाही धरली नाही. काचेपलीकडे एकदा वळून बघितलं आणि हाताने मला घरी जा असं खुणावलं.

घर खायला उठतंय. स्वयंपाकघरात कुठे काय आहे ते तिने डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ठेवलंय. आमटीला मीठ दोनदा पडलं.

५ जानेवारी, बुधवार

पोचली. मयुरेशराव घ्यायला गेले होते. फोनवर तिचा आवाज इतका जवळून आला की मला वाटलं ती वाण्याकडूनच बोलतेय. पल्लवीला भेटलीस? "हो." कशी आहे? "आहे." मला म्हणाली, "गॅस बंद करत जा."

१० जानेवारी, सोमवार

सुलाबाई विचारायला आली होती. तिला सांगितलं की बाई पोचल्या, रोज तेल लावतायत. ती पायरीवर बसली, डोळ्याला पदर लावला. "पोर हाताखालून गेली व्हती माझ्या," म्हणाली. मला वाटलं पल्लवीबद्दल बोलतेय, आणि असेलही; की स्वतःच्याच एखाद्या गेलेल्या पोरीबद्दल, कोण जाणे. मी तिला चहा करून दिला. तिने पूर्ण प्यायला, म्हणजे बरा झाला असणार.

२१ जानेवारी, शुक्रवार

मुंबईहून माझं पत्र आलं! चौकशी पूर्ण, पासपोर्ट घेऊन या. मी काय म्हणत होतो? सरळ माणसाला उशीर होतो, अन्याय होत नाही. लगेच जाऊन कोंडाजीला दाखवलं. तो म्हणाला, "जा बाबा आता. पोरीला बरं वाटंल." त्याला मत्सर नाही, मी त्या दिवशी उगाच लिहिलं.

आता फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊ शकेन. तिघं एकत्र राहू. पल्लवीला समजावीन, आयुष्य मोठं आहे, पुन्हा होईल. बापाने धीर द्यायचा नाही तर कोणी? सामानाची यादीसुद्धा मनात तयार आहे. संध्याकाळी इंदिराला फोन करून चकित करणार.

२२ जानेवारी, शनिवार

काल मी फोन केला. इंदिराने उचलला. मी म्हटलं, ऐक, आनंदाची बातमी आहे. माझंही झालं. येतो मी.

 मला वाटलं लाइन गेली. मी हॅलो हॅलो केलं.

"ऐकू येतंय," ती म्हणाली. "येऊ नका."

मी म्हटलं, का? तिकिटाची काळजी करू नकोस.

"तसं नाही हो. राग मानू नका. काल तेल लावताना पोरीने तोंड उघडलं. तेव्हापासून रडतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. झोपते, उठते, पुन्हा रडते. रडू दे तिला. तुम्ही समोर आलात की ती डोळे पुसून चहा टाकायला जाईल."

मी काही तरी बोलणार होतो. मी तिचा बाप आहे, असं काही तरी. तेवढ्यात मागून पल्लवीचा आवाज आला. मोठ्याने रडत होती, लाज सोडून, हमसून हमसून, "आई, आई गं" करत. तीन-चार वर्षांची असताना पडली की रडायची तसा आवाज. त्यानंतर तिचा असा आवाज मी ऐकलाच नव्हता. मला वाटायचं, तिला रडूच येत नाही.

इंदिरा म्हणाली, "मी जाते तिच्याकडे. तुम्ही ठेवा."

मी हो म्हटलं. तिने रिसीव्हर नीट ठेवला नसावा, कारण आवाज येत राहिला. इंदिरा तिला काही तरी म्हणत होती, शब्द कळत नव्हते. मी उभा राहून ऐकत होतो. आत जाऊन पाणी प्यावंसं वाटत होतं, पण हललो नाही. माझी पोर रडत होती आणि मला एवढंच करता येण्यासारखं होतं की मी ऐकतोय हे तिला कळू नये.

मग मी फोन हळूच ठेवला.